बघायला येणारे

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, येत्या ऑक्टोबरात आम्ही सहाजण चर्चिलला जायचं म्हणतोय. तुम्ही जाऊन आलात ना, म्हणून म्हटलं विचारावं."

मला बरं वाटलं. निवृत्त मास्तरला कुणी काही विचारलं की बरंच वाटतं! म्हटलं, "जरूर जा. पण एकदम चर्चिल कसं काय सुचलं?"

"अहो, ती पांढरी अस्वलं आता फार दिवसांची सोबती नाहीत म्हणे. संपायच्या आत एकदा बघून घ्यावीत."

पाठोपाठ त्याने एका सहल कंपनीचं पत्रक मोबाईलवर पाठवलं. बर्फात उभी मादी, तिच्या पायाशी दोन पिल्लं, आणि खाली ठळक अक्षरांत तेच वाक्य: नामशेष होण्याआधी पाहून घ्या! उद्गारचिन्हासकट.

मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. माझं हे नेहमीचंच आहे. वर्गातसुद्धा बिनतोड उत्तर मला तास संपल्यावर सुचायचं. तेव्हा भाचेबुवा, फोनवर जे बोललो नाही ते इथे लिहितो. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावं. काहींना लागेल. लागू दे.

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे कुणी मागून काढायला नको. २०२४ च्या जुलैत मी चर्चिलला गेलो तेव्हा हेच वाक्य माझ्याही तोंडात होतं. लेक विनिपेगला असते. तिने तिकिटं काढली तेव्हा मी म्हणालो, "एवढा खर्च कशाला?" आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणालो, "पण खरंच, संपायच्या आत बघायला हवं." वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे म्हणताना कोण कोणाच्या आधी संपणार, हा हिशेब मात्र मी केला नव्हता!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चर्चिल हे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या काठावरचं गाव. २०२१ च्या जनगणनेत वस्ती ८७०. गावाला रस्ता जातच नाही. विनिपेगहून विमानाने जा, नाहीतर दोन रात्री रेल्वेत काढा. भूगोल शिकवायचो म्हणून आणखी एक सांगतो, सगळे 'आर्क्टिक, आर्क्टिक' म्हणतात पण आर्क्टिक वृत्त या गावाच्या उत्तरेला आठशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. गाव त्या मानाने बरंच दक्षिणेला. पण उपसागर हिवाळ्यात पूर्ण गोठतो, आणि अस्वलाला अक्षांशाशी काही देणंघेणं नाही, बर्फाशी आहे.

आता आम्ही पाहिलेल्या अस्वलाची गोष्ट. होय, अस्वल एकच. घरी आल्यावर मला पहिला प्रश्न प्रत्येकाने हाच विचारला, "किती दिसली?" जणू मी बाजारातून आंबे आणायला गेलो होतो.

आम्ही लहान बोटीतून चर्चिल नदीच्या मुखाशी गेलो. पलीकडच्या काठावर हडसन बे कंपनीने अठराव्या शतकात बांधलेला दगडी किल्ला आहे. त्याच्या अलीकडच्या खडकांवर ते निजलं होतं. पांढरंशुभ्र नव्हे, जुन्या पंच्यासारखं पिवळट. पुढच्या एका पंजावर हनुवटी ठेवलेली. आजूबाजूला जांभळट गुलाबी फुलांचे तुरे, कारण जुलैत तिथे बर्फ नसतो. बोटवाल्याने बरंच अंतर राखून इंजिन बंद केलं. आम्ही बाराजण. पाच मिनिटं सगळे भारावलेले. दहा मिनिटांनी चुळबुळ सुरू. पंधराव्या मिनिटाला एक गृहस्थ म्हणाले, "हे काही करत का नाही?" आणि त्यांनी चक्क दोन टाळ्या वाजवल्या.

बोटवाला तोवर अगदी शांत माणूस. तो मागे वळला आणि म्हणाला, "निजू द्या त्याला. नोव्हेंबरपर्यंत जेवण नाही त्याला."

लेकीने मला मराठीतून सांगितलं तेव्हा मी त्या अस्वलाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याआधी मी फक्त ते उठेल का याची वाट पाहत होतो. टाळ्या वाजवल्या नव्हत्या एवढंच.

गोष्ट अशी आहे. या अस्वलाचं खाणं म्हणजे सील, आणि सील त्याला मिळतो तो बर्फावरून. बर्फातल्या भोकाशी दबा धरून बसायचं, श्वास घ्यायला सील वर आला की झडप घालायची. उघड्या पाण्यात सीलशी पोहण्यात त्याचा निभाव लागत नाही. उन्हाळ्यात उपसागराचं बर्फ वितळलं की ही सगळी मंडळी काठावर येतात आणि नोव्हेंबरअखेर पाणी पुन्हा गोठेपर्यंत अंगातल्या चरबीवर जगतात. आपली एकादशी दुप्पट खाशी. यांची खरी निर्जळीच्या तोलाची. गाभण मादीची तर परमावधी. ती जमिनीत बीळ करून आत शिरते, थंडीत तिथेच पिल्लं होतात, त्यांना पाजते आणि हिवाळा सरता सरता बाहेर येते. आठ आठ महिने तोंडात अन्न नाही.

जमिनीवर काहीतरी खात असतील की, असं मलाही वाटायचं. बोरं खातात, पक्षी, अंडी, मेलेलं जनावर मिळालं तर तेही. पण २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी याच भागातल्या वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून उन्हाळ्यातले सुमारे तीन आठवडे ती काय करतात ते पाहिलं. काही निजून राहिली, काही हिंडून हिंडून बोरं खात राहिली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं, सरासरी रोज एक किलो. हिंडण्याने जे मिळालं ते हिंडण्यातच गेलं. म्हणजे आमच्या पुढ्यातलं अस्वल आळशी नव्हतं. ते काटकसर करत होतं. महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारा संसारी माणूस जसा दिवा मालवून लवकर झोपतो, तसं.

आणि त्याला उठवायला आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आता हिची गोष्ट सांगतो, विषय सोडून नव्हे. ही गेली २०१५ साली. शेवटचे चार महिने सांगलीच्या घरी, बाहेरच्या खोलीत खाटेवर. त्या चार महिन्यांत आमच्याकडे जितकी माणसं आली तितकी लेकीच्या लग्नातही आली नसतील. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'बघायला जायचंय.' भेटायला नाही, बघायला. येत, खुर्ची ओढून बसत, हिच्याकडे पाहून चेहरा पाडत, आणि मग माझ्याशी बोलत. डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस सांगितलेत? हे हिच्यादेखत! चहा व्हायचा. कुणी साखर कमी म्हणून सांगायचं. अर्ध्या तासाने बाहेर पडताना चप्पल घालता घालता एकमेकांत, "बरं झालं, बघून घेतलं एकदाचं."

एक दिवस सगळे गेल्यावर ही म्हणाली, "अहो, मला बघायला येतात आणि माझ्याकडे बघत नाहीत."

दुपारी दमून डोळा लागलेला असायचा तिचा, पण पाहुणे आले की मी उठवायचो. लांबून आलेत, दोन शब्द तरी बोल, म्हणून. दोन शब्द बोलायला तिला किती लागत होतं ते मला त्या बोटीत, नऊ वर्षांनी कळलं.

भाचेबुवा, तुम्हीही आला होता. दोन शहाळी घेऊन, वीस मिनिटं. राग नाही, पुण्याहून नोकरी सांभाळून आलात, शहाळी चांगली होती. पण तुमची आई एकवीस दिवस राहिली होती. तिने बेडपॅन उचलला, केस विंचरले, आणि तिच्या तोंडून एकदाही 'बघून घेतलं' हा शब्द आला नाही. तो फरक मला सांगायचा आहे.

'संपायच्या आत बघून घ्या' हे वाक्य मला का डाचतं? एक तर त्यात मरण गृहीत धरलेलं आहे. डॉक्टरांनी हात टेकले, आता आपण फक्त रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं. औषधपाण्याचा विषय संपला! आणि दुसरं म्हणजे ते खरंच नाही.

आकडे पाहा. जगात पांढरी अस्वलं अंदाजे सव्वीस हजार आहेत, वेगवेगळ्या टापूंत विभागलेली. चर्चिलची ही पश्चिम हडसन उपसागराची टोळी खरोखर खालावली आहे: १९८० च्या दशकात बाराशेच्या आसपास, २०१६ च्या मोजणीत ८४२, २०२१ मध्ये ६१८. उपसागर पूर्वीपेक्षा तीन-चार आठवडे जास्त बिनबर्फाचा राहतो आणि तेवढा उपास वाढतो. हे गंभीरच आहे, मी त्याला पावडर लावत नाही. पण सगळ्याच टोळ्यांची ही स्थिती नाही. शिवाय पुढे काय होणार हे आपण किती कोळसा, तेल नि वायू जाळतो यावर अवलंबून आहे, हे शास्त्रज्ञ निदान २०१० पासून लिहून सांगताहेत. धूर कमी केला तर बर्फ टिकतं, बर्फ टिकलं तर अस्वल टिकतं. रोगी बरा होण्यासारखा आहे. आणि आपण त्याच्या उशाशी बसून, किती दिवस सांगितलेत हो, असं विचारतोय!

बरं, आपण नुसतं विचारत नाही, खोलीतली हवाही ओढतो. पुण्याहून मुंबई, मुंबईहून युरोप, तिथून टोरोंटो, विनिपेग, चर्चिल. या प्रवासाचा धूर कुठे जातो? मीही तेच केलं, माझं विमान काही कडब्यावर उडत नव्हतं. चर्चिलच्या अस्वलदर्शनाच्या पर्यटनाचा हा धुराचा हिशेब कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१० सालीच मांडलेला आहे. मरणाच्या भीतीने धावत बघायला यायचं आणि येण्यानेच मरण थोडं जवळ आणायचं. बघायला येणाऱ्यांनी खोकला आणावा, तसलाच प्रकार.

कुणी म्हणेल, मग मास्तर, तुम्ही घरी बसायला हवं होतं. म्हणा. या प्रश्नाला माझ्याकडे साफ उत्तर नाही. पण बेलुगाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझं डोकं जे फिरलं ते तिथे.

बेलुगा म्हणजे पांढरा देवमासा. (नाव रशियन आहे, पांढऱ्या रंगावरूनच पडलेलं.) लांबी तीन ते पाच मीटर, पाठीवर पर नाही, कपाळाला मोठं टेंगूळ. उन्हाळ्यात हे हजारोंच्या संख्येने चर्चिल नदीच्या मुखाशी येतात. तिथलं पाणी समुद्रापेक्षा कोमट. वाळूखड्यांत अंग घासून जुनी कातडी टाकतात, लहान पिल्लांना सांभाळतात. आपल्या गणपतीपुळ्याला लोक बदलीच्या हवेला जातात तसं नाही, वर्षाचं आवश्यक काम असतं ते.

कॅनडात २०१८ पासून नियम आहे: चर्चिलच्या या मुखाशी बोट बेलुगाच्या ५० मीटरच्या आत न्यायची नाही. बोटवाल्याने दूर इंजिन बंद केलं आणि स्वस्थ बसला. पाण्यात वायर सोडून मायक्रोफोन टाकला. आम्ही काय ऐकलं म्हणून सांगू! लहानपणी वडील रात्री ट्रान्झिस्टरवर सिलोन लावायचे, सुई फिरवताना मध्येच शिट्ट्या, कुरकुर, टकटक, कोंबडीच्या पिल्लांचा चिवचिवाट असं सगळं यायचं. तेच! जुन्या खलाशांनी याला समुद्रातला कॅनरी पक्षी म्हटलंय ते उगीच नाही.

मग ते आले. आम्ही गेलो नाही, ते आले. आधी लांबवर फेसाची रेघ दिसली, ती फेस नव्हता, पाठी होत्या. मग बोटीखालून पांढरट हिरवे आकार सरकू लागले. त्यांच्यात करड्या रंगाची पिल्लं, कारण हा मासा (मासा नव्हे, सस्तन प्राणी, जुनी सवय!) जन्मतः करडा असतो नि पांढरा व्हायला वर्षं लागतात. एक पिल्लू आईच्या कुशीला इतकं चिकटून पोहत होतं की दोघांत बोटभर फट नव्हती. आणि एक मोठा बेलुगा माझ्या बाजूला येऊन कुशीवर वळला. बाकी बहुतेक देवमाशांना मान वळवता येत नाही, मणके जुळलेले असतात. याचे सुटे असतात. त्याने मान वळवली आणि एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. बघितलं आणि गेला.

त्याला मी संपण्याआधी बघून घ्यायचा होतो असं काही त्या डोळ्यात नव्हतं. कुतूहल असेल, नसेल, मला काय कळणार. पण इतकी वर्षं 'बघणं' म्हणजे मी करतो ती गोष्ट असं धरून चाललो होतो, ते त्या क्षणी हललं. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही का रडताय?" म्हटलं, वारा लागतोय.

आणि हे तर मुळीच संपत आलेले नाहीत! हडसन उपसागराच्या या पश्चिम बाजूला पन्नास हजारांहून जास्त बेलुगा आहेत. संपवले ते दुसरीकडे. सेंट लॉरेन्स नदीतले बेलुगा मासेमारांचे मासे खातात म्हणून १९३० च्या सुमारास सरकारने त्यांच्या मुंडक्यावर बक्षीस लावलं होतं, वरून बाँबसुद्धा टाकले होते. शिकारीवर बंदी आली १९७९ साली, आणि आज तिथे दोन हजारांच्या आतच उरलेत. म्हणजे ते काही आपोआप, काळाच्या ओघात वगैरे कमी झाले नाहीत. माणसांनी मारले. 'नामशेष होणे' हे क्रियापद मोठं सोयीचं आहे, त्यात कर्ता लागत नाही. व्याकरणाच्या तासाला मी यावर खूप बोललो असतो.

चर्चिलमधूनसुद्धा १९९२ पर्यंत जिवंत बेलुगा पकडून मत्स्यालयांना पाठवत होते, पंचवीस वर्षांत साठाहून जास्त. बघायला येणाऱ्यांची सोय म्हणून. आपल्यातल्या किती जणांच्या दिवाणखान्यात नायगऱ्याच्या सहलीत मरीनलँडला बेलुगाच्या डोक्यावर हात ठेवून काढलेला फोटो आहे? माझ्या माहितीत तीन घरं आहेत, नावं सांगत नाही. कॅनडाने २०१९ साली करमणुकीसाठी देवमासे कोंडून ठेवण्यावर कायद्याने बंदी घातली, पण आधीपासून टाकीत होते ते टाकीतच राहिले. त्या पार्कात २०१९ पासून वीस देवमासे मेले, त्यातले एकोणीस बेलुगा. तो बंद पडला. २०२५ च्या ऑक्टोबरात उरलेले तीस बेलुगा चीनमधल्या पार्कला द्यायला सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा मालकांनी खर्च झेपत नाही, मारून टाकावे लागतील, अशी भाषा केली. त्या तिसांना लाखो लोकांनी हात लावून पाहिलं होतं. पाहून घेतलेल्यांपैकी किती जणांना त्या महिन्यात झोप लागली नाही?

तेव्हा, पाहिल्याने प्रेम वाटतं, प्रेमाने रक्षण होतं, हा जो नेहमीचा युक्तिवाद आहे ना, तो मला आता अर्धवट वाटतो. पाहिल्याने फोटो होतो हे नक्की.

रक्षण कसं असतं ते पाहायचं तर चर्चिलच्या गावकऱ्यांकडे पाहा. आमच्या सहलीत तो भाग कुणी दाखवायचा म्हणून दाखवला नाही, मास्तरकीच्या चौकसपणाने मी विचारून घेतला. गावाचा उकिरडा पूर्वी उघड्यावर जळत असायचा आणि अस्वलं त्यात तोंड घालायची. काळवंडलेली, धुरात उभी अस्वलं पाहायला पर्यटक गाड्या घेऊन जायचे. फुकटचं दर्शन! गावाने २००५ साली तो उकिरडा बंद केला. अस्वलांचं बघणं कमी झालं, अस्वलांचं भलं झालं. गावात शिरलेल्या अस्वलाला पूर्वी सरळ गोळी घालत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी एका जुन्या लष्करी इमारतीत कोठड्या केल्या आहेत. अस्वल पकडून तिथे ठेवतात, पाणी देतात पण खायला देत नाहीत, म्हणजे गावात आलं की जेवण मिळतं ही सवय लागू नये. मग जाळ्यात घालून हेलिकॉप्टरने दूर उत्तरेला सोडून येतात. त्या कोठड्यांत पर्यटकाला प्रवेश नाही! मला हे फार आवडलं. आणि पुष्कळ लोक गाडीला कुलूप लावत नाहीत, कारण रस्त्यात अस्वल आडवं आलं तर ज्याला जी गाडी जवळ पडेल तिच्यात शिरता आलं पाहिजे.

बेडपॅन उचलणारे ते हे. आपण शहाळंवाले.

गाव पर्यटकांवर जगतं हेही खरं, त्यामुळे 'कुणीच जाऊ नका' असं मी म्हणणार नाही. रेल्वेची एक गोष्ट सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात पुराने रूळ ठिकठिकाणी वाहून गेले आणि गाव सुमारे दीड वर्ष रेल्वेविना राहिलं. सगळा माल विमानाने. भाजी-दुधाचे भाव ऐकून आपण चक्कर येऊन पडलो असतो. पुढे २०१८ मध्ये तिथल्या आदिवासी समाजांनी आणि आसपासच्या गावांनी मिळून रेल्वे नि बंदर विकत घेतलं, आणि वर्षअखेरीपर्यंत गाडी पुन्हा धावू लागली.

गावाबाहेर एका वळणावर आमची बस दोन मिनिटं थांबली. तिथे डेने नावाच्या आदिवासींचं स्मारक आहे. १९५६ साली सरकारने सायिसी डेने लोकांना त्यांच्या मुलखातून उचलून विमानाने चर्चिलला आणून टाकलं. कारण काय, तर ते कॅरिबू हरणं फार मारतात, हरणं संपतील! पुढच्या वर्षांत त्यांतली शंभराहून जास्त माणसं थंडीने, दारूने, आगीत, दैन्यात मेली. सरकारने माफी मागितली २०१६ मध्ये. 'संपणार, संपणार' या ओरडीतून माणसांचं असंही होतं. ड्रायव्हर सांगत होता तेव्हा बसमधले अर्धेअधिक लोक दुसऱ्या खिडकीतून अस्वल दिसतंय का पाहत होते. मीही एकदा पाहिलं.

आता नवीन चाललंय ते बंदराचं. बर्फ कमी झालं म्हणजे जहाजांचा हंगाम लांबतो. २०२५ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या पंतप्रधानांनी चर्चिल बंदराचा विस्तार राष्ट्रीय प्रकल्पांच्या विचाराधीन यादीत घातला. गावाला काम मिळेल, हवंच आहे ते. पण जास्त जहाजं म्हणजे बेलुगांच्या त्या मुखात जास्त गोंगाट, आणि तो प्राणी सगळं जगणं कानावर जगतो. बर्फ हटल्याने त्यांची शिकार करणारे ऑर्का आताच उपसागरात जास्त दिसू लागलेत. यावर तिथले लोक मांडतील ते मांडतील; ज्यांनी ज्यांनी बेलुगाचे व्हिडिओ मला पाठवले आहेत त्यांच्यापैकी एकानेही ही बातमी पाठवली नाही.

काल भाच्याला मीच फोन केला. बराच वेळ बोललो. तो शेवटी वैतागून म्हणाला, "मामा, म्हणजे जाऊ की नको, एक काय ते सांगा!"

म्हटलं, जायचं तर असं जा. नायगरा, न्यूयॉर्क आणि चर्चिल अशी बारा दिवसांची माळ ओवू नका. एकाच ठिकाणी आठ दिवस राहा. विनिपेगहून रेल्वेने जा, दोन रात्री. बाहेर झाडं खुजी खुजी होत जातात, मग नाहीशी होतात, ते पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबरात बेलुगा नसतात, त्यांची वाट पाहू नका. जे पत्रक पाठवलंत त्या कंपनीतून जाऊ नका, त्या एका वाक्यासाठी. गाववाल्यांपैकी कुणाकडे राहा, त्यांना अस्वलांबद्दल नाही तर त्यांच्याबद्दल विचारा. आणि पुढची पाच वर्षं कुठलंही विमान नको. हे शेवटचं त्याला फारसं रुचलं नाही.

"आणि एवढं करून अस्वल झोपलेलंच असलं तर?"

"तर टाळ्या वाजवू नका."

आईशी बोलून कळवतो म्हणाला. अक्का, तू हे वाचते आहेसच. काय ते तूच सांग त्याला.